अज्ञान देवाचे वकील

वकीलकाका कोर्टात बोलायला उभे राहिले की बदलून आलेले नवे न्यायाधीश पहिल्या दिवशी हमखास गोंधळायचे. कारण काका युक्तिवाद करायचे नाहीत, गाऱ्हाणं घालायचे. हात जोडलेले, डोळे अर्धे मिटलेले, आवाज पोटातून. "तर महाराजा, आज ह्या ठिकाणी हो गरीब प्रतिवादी तुमच्या पायाशी इलेलो आसा. तेच्या बागेच्या बांधाक जी काय बाधा झाली आसा ती दूर करून, वादीक सुबुद्धी देवन, तेच्या डोक्यातला काय ता काढून टाका महाराजा!" घाटावरून आलेल्या एका साहेबांनी शेवटी न राहवून विचारलं, "वकीलसाहेब, तुम्ही मनाईहुकूम मागताय की प्रसाद?" काका म्हणाले, "तुमच्या हातात जा काय असात ता." आणि मागच्या बाकावरची पक्षकार मंडळी सवयीनं एका सुरात ओरडली, "व्हय म्हाराजा!" पट्टेवाला हसू लपवायला बाहेर निघून गेला.

हाच माणूस देवळात उभा राहिला की सगळं उलट. त्यांच्या गावात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. जत्रा असो, पेरणी असो, कुणाची नवी होडी पाण्यात जायची असो, सगळ्या गावाच्या वतीनं देवापुढे उभं राहून बोलायचं ते ह्यांनीच, आणि बाकीच्या गावानं मागून होकार भरायचा. बापजाद्यांपासून चालत आलेलं. पण काका देवाशी बोलायचे ते कोर्टाच्या भाषेत. "बा देवा म्हाराजा! सदरहू अर्जदार, धंदा मासेमारी, राहणार सदर गाव, ह्यांनी नवीन होडी केलेली असून..." "व्हय म्हाराजा!" "सदर होडीस उपरोक्त दर्यापासून कोणतीही हरकत, अडथळा अथवा नुकसान पोचू नये..." "व्हय म्हाराजा!" "आणि पोचल्यास त्याची सर्वस्वी जबाबदारी देवाची राहील." इथं मात्र गाव जरा घुटमळायचं. देवाला नोटीस दिल्यासारखं वाटायचं लोकांना. काका मागे वळून डोळे वटारायचे, मग कुठं दबक्या आवाजात होकार यायचा.

मी कट्टा गावची, ते आमच्या पुढच्या गावचे, आणि माझ्या आईच्या माहेरकडून कुठून तरी लांबचे नातेवाईक. म्हणून काका. कायद्याची पदवी घेऊन मी मालवणात त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा मोबाईलला रेंज मिळावी म्हणून लोक सड्यावर, म्हणजे गावामागच्या उंच कातळी माळावर, चढत होते आणि बाजारात पहिला सायबर कॅफे नुकता निघाला होता. पहिल्याच दिवशी एका पक्षकाराला मी म्हटलं, "बहुतेक आपण जिंकू." काकांनी चष्मा काढला. "गो, बहुतेक हो शब्द ह्या हाफिसात चालणा नाय. बहुतेक म्हणणाऱ्यान वकिली करू नये, हवामान खात्यात जावचा." त्यानंतर मी त्यांच्यासमोर तो शब्द उच्चारला नाही. आज माझे ज्युनिअर उच्चारतात तेव्हा मीही त्यांना फाडून खाते.

शब्दांच्या बाबतीत हा माणूस महाखवट होता. कुणी "माझी जमीन" म्हणत आत आला की, "सातबारो दाखव, मगे माझी म्हण." कुणी म्हटलं, "शेजाऱ्यानं मला मारलंच होतं," तर, "मारल्यान की मारूक इलो? दोघांचा कलम येगळा." सकाळी गावातून एसटीनं येताना ते वाटेत मासळी घ्यायचे आणि परत जाईपर्यंत ती त्यांच्या बॅगेत असायची. एका कप्प्यात दावे, दुसऱ्यात बांगडे. कोर्टातला कारकून सांगायचा की वकीलसाहेबांचा कागद नाकानं ओळखता येतो. काकांना ह्यात काही वावगं वाटत नसे. उलट म्हणायचे, "माझ्या कागदाक वास तरी आसा!"

आणि जुगाराचं त्यांना वावडं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी कुणा साधुपुरुषाची गोष्ट सांगतेय. अहो, कसला साधू! जत्रेत खाज्याच्या दुकानांच्या मागे चित्रांचं कापड अंथरून एकजण बसायचा. काका त्याच्यासमोर उकिडवे बसत आणि दर वेळी सूर्याच्या चित्रावरच पैसे लावत. दर वेळी हरत. काकू करवादायच्या, "सूर्य काय तुमचो सोयरो लागता?" हवालदार दिसला की बाकीचे धूम ठोकत. काका बसल्या जागेवरून हलत नसत. "येवा हवालदारानू," म्हणायचे, "मी कलमासकट बसलंय." हवालदार बिचारा तोंड फिरवून पुढे जायचा.

म्हणूनच पुढे टाय लावलेला एक माणूस काकांच्या गावात आला तेव्हा काकांनी विरोध केला तो सोवळेपणानं नव्हे.

तो आला गोव्याकडून, भर मे महिन्यात, गळ्याला टाय आवळून. माणूस वाईट नव्हता. अदबीनं बोलायचा, दिलेलं आमसुलाचं सरबत पूर्ण प्यायचा. त्याच्या कंपनीला कॉम्प्युटरवरचा जुगार चालवायचा होता. पत्ते, चक्र, सगळं पडद्यावर. खेळणारे कुठे लंडनला, कुठे दुबईला. फक्त ज्या मशीनवर हा खेळ चालणार ती मशीन ठेवायला जागा हवी होती. आणि ती त्याला हवी होती गावच्या देवस्थानच्या सड्यावर, काजूच्या बागेला लागून असलेल्या जुन्या धर्मशाळेत. देवळाला नवा सभामंडप बांधून देणार होता, गावातल्या शिकलेल्या पोरांना नोकऱ्या देणार होता. बदल्यात सगळा सडा दीर्घ मुदतीनं कंपनीला.

देवळाच्या कमिटीचा अध्यक्ष म्हणजे काकांचा चुलतभाऊ. बापू म्हणायचे त्याला. आंब्या-काजूचा बागायतदार, मनानं सरळ, पण घाईचा. बापूला सभामंडप डोळ्यांसमोर दिसायला लागला होता. त्यानं देवळात गावाची बैठक लावली, आणि मला काकांनी बरोबर घेतलं, "चल, जुगार बगूक" म्हणून.

टायवाल्यानं लॅपटॉप उघडून सगळं समजावलं. मग एकानं नेमका प्रश्न विचारला, की हे कायद्यात बसतं का? त्यावर त्यानं जे सांगितलं ते ऐकून मीसुद्धा कान टवकारले. कॅनडात म्हणे तिथल्या मूळच्या लोकांच्या स्वतःच्या जमिनी आहेत. त्या जमिनीवर त्यांचीच सभा, त्यांचाच परवाना. तिथं अशीच मशीन ठेवलेली आहेत आणि जगभरचा जुगार त्यांच्यावर चालतो. "तुमचीही जमीन तशीच आहे," तो म्हणाला. "राजाच्या काळापासून देवाच्या नावावर. तुमचे मानकरी, तुमच्या गावऱ्हाटीचा सगळा कारभार सरकारच्या आधीचा. देवाच्या जागेत सरकारचा कायदा कसा येईल?"

अख्ख्या देवळाची छाती फुगली. खोटं कशाला सांगू, माझीही फुगली. आपण सरकारच्या आधीचे, हे ऐकायला कुणाला आवडणार नाही?

काका खांबाला टेकून बसले होते. बसल्या बसल्या विचारलं, "थंय परवानो कोण देता?"

"त्यांची सभा."

"ती सभा कोणी निवडली?"

"त्या लोकांनीच."

"म्हणजे जमनीचो धनी सोता बोलता, सोता सही करता."

"अर्थात," टायवाला म्हणाला.

"बरा. आणि हय धनी कोण?"

बापू ताठ झाला. "धनी देव! दुसरो कोण?"

"मगे सही कोण करतलो?"

"आमी करतलो. देवाच्या वतीन."

"देवाच्या वतीन कित्याक?"

बापू कमिटीच्या लोकांकडे बघायला लागला. काका उठून उभे राहिले, कोट नसताना कोटाच्या बाह्या सारखी करायची सवय होती तशा केल्या आणि कोर्टात निकाल वाचावा तसे म्हणाले, "कारण आपलो देव अज्ञान आसा!"

आता तुम्हाला सांगते, कोर्टाच्या मराठीत अज्ञान म्हणजे ज्याला अठरा पुरी झाली नाहीत तो. ज्याचा व्यवहार दुसऱ्यानं सांभाळायचा, आणि सांभाळणाऱ्यानं त्याचं नुकसान होईल असं काही करायचं नाही तो. कायदा देवाला कायमचा असाच धरतो. मूर्तीच्या नावावर जमीन असते, पण मूर्ती कागद वाचत नाही, म्हणून ती जन्मभराची अज्ञान. आम्हा वकिलांना त्यात काही विशेष वाटत नाही. पण बाहेरच्या मराठीत अज्ञान म्हणजे ज्याला काही कळत नाही तो. आणि देवळात काका वगळता वकील एकटी मी होते.

क्षणभर कुणाला कळेना काय ऐकलं ते. मग जो गलका उठला! "देवाक अज्ञान म्हणतंस मेल्या?" "तेका कळणा नाय आणि तुका कळता?" एक म्हातारी कानांवर हात ठेवून रडायलाच लागली. काका हात वर करून समजावत होते, "अरे, कायद्यातलो शब्द आसा तो, कायद्यातलो!" पण ऐकतंय कोण. तेवढ्यात बापू ओरडला, "देवाकच इचारूया! कौल लावा!" मूर्तीला पाकळ्या लावायच्या, उजवी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. आमच्याकडे लग्नापासून विहिरीपर्यंत सगळं असंच ठरतं. काका स्वतः दाव्याच्या तारखेआधी कौल घ्यायचे. इथं ते गप्प बसले असते तर निभावलं असतं. पण गप्प बसतील तर ते काका कसले!

"कौल लावा," ते म्हणाले, "पण अज्ञानाची संमती कोर्टात चालणा नाय."

झालं. पुढे काय झालं ते विचारू नका. त्या दिवशी कौल लागला नाही, कारण भटजीच घाबरून गाभाऱ्याचं दार लावून बसले. कमिटीनं तिथल्या तिथं ठरवलं, की वकिलानं देवाच्या पायाशी नाक घासून तो शब्द मागे घ्यावा. घेईपर्यंत गाऱ्हाण्याचा मान बंद. घराण्यातला त्यांच्या खालोखालचा पुरुष म्हणजे बापू, तो गाऱ्हाणं घालील.

घाटावरच्या वाचकाला ह्यात काय गेलं असं वाटेल. पण आमच्याकडे माणूस जमीन विकतो, घर विकतो, मान सोडत नाही. काकांच्या वडिलांनी तापानं फणफणत असताना दोघांच्या खांद्यांवर हात टाकून गाऱ्हाणं घातलं होतं. मान गेल्यावर आठवडाभर काका कोर्टातसुद्धा साध्या सरळ मराठीत बोलले. "सदर अर्ज मंजूर व्हावा ही विनंती," म्हणून खाली बसायचे. न्यायाधीशांनी शेवटी पट्टेवाल्याला बोलावून हळूच विचारलं, "त्यांना बरं नाहीये का?"

मला राहवेना. ऑफिसात मी त्यांना म्हटलं, "काका, अज्ञानाच्या जागी अल्पवयीन म्हणा ना. अर्थ तोच. लोकांचं समाधान होईल, तुमचा मान परत मिळेल."

"अल्पवयीन उद्या मोठो होता," काका म्हणाले. "देव मोठो होणा नाय."

"मग नुसती माफी मागा. शब्द मनात ठेवा."

काकांनी चष्मा काढून पुसला. मग अगदी हळू म्हणाले, "गो बाय, आज मी देवाच्या पायाशी शब्द मागे घेतलंय, तर उद्या हो टायवालो वकील घेवन कोर्टात उबो रवतलो. म्हणतलो, काल भर देवळात हेनीच कबूल केल्यानी, देव शाणोसुरतो आसा, आपला बरावायट तेका कळता. कौल पण तेनीच दिल्यान. मगे सडो गेलो म्हणान समज." चष्मा परत लावून म्हणाले, "मान माझो आसा. सडो तेचो आसा. माझा जा आसा ता मी सोडीन. तेचा सोडूचो अधिकार माका कोणी दिलो?"

हे बोलताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात 'बहुतेक' नव्हतं. मला त्यांचा राग आला आणि पायाही पडावंसं वाटलं. मी दोन्हीपैकी काहीच केलं नाही, टाईपरायटरवर कागद चढवला.

कमिटीनं कंपनीच्या कागदावर सही करायच्या आत आम्ही दोघांवर दावा लावला, तो देवाच्याच नावानं. वादी श्री देव रवळनाथ, वय अज्ञान, धंदा देवपण, तर्फे वादमित्र म्हणून काका. वादमित्र म्हणजे अज्ञानासाठी कोर्टात उभा राहणारा. कारकुनानं धंद्याच्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं, "हे काय?" काका म्हणाले, "मगे काय बेकार लिवू?"

सुनावणीला अर्धा गाव आला होता, काकांच्या विरुद्ध. कंपनीच्या वकिलानं कॅनडाचं सगळं पुन्हा ऐकवलं आणि शेवटी काकांकडे हात करून म्हणाला, "ज्यांना गावानं गाऱ्हाणं घालायला नालायक ठरवलं, ते देवाचे हितचिंतक म्हणून उभे आहेत!"

काका उठले. "गावानं माझा आवाज बंद केला आहे, महाराज. देवानं केलेला नाही." मग म्हणाले, "तिकडच्या त्या लोकांबद्दल मला आदर आहे. त्यांनी आपल्या जमिनीचा हक्क भांडून राखला. त्यावर काय चालवायचं ते त्यांचं ते ठरवतात, आणि ते कायदेशीर की बेकायदा हा त्यांचा आणि त्यांच्या सरकारचा वाद आहे. मी त्यात पडत नाही. ते स्वतःच्या जमिनीवर डाव लावतात. मीही जत्रेत लावतो, स्वतःच्या खिशातलं. इथं मात्र मोठी माणसं पोराची जमीन डावावर लावायला निघाली आहेत. हा खेळ कॉम्प्युटरवर आहे की कापडावर, हा प्रश्न नंतरचा."

न्यायाधीशांनी जुगाराच्या मुद्द्याला हातच घातला नाही. देवस्थानची जमीन धर्मादाय कार्यालयाच्या परवानगीशिवाय अशी देता येत नाही, तोवर आहे तशी राहू द्या, एवढाच हुकूम. पण तेवढा पुरला. टायवाल्याला वाट बघायची नव्हती. जाताना तो काकांना ऑफिसात भेटायला आला, म्हणाला, "साहेब, मला खरंच वाटलं होतं की इथं कायदा लागत नाही." काका म्हणाले, "तुझी चूक नाय बाबा. आमकाय तसाच वाटता." आणि त्याला बॅगेतले दोन बांगडे कागदात बांधून दिले.

सडा राहिला. मान मात्र गेला तो गेलाच, कारण काकांनी शब्द मागे घेतला नाही आणि गावानंही आपला. जत्रेला बापू गाऱ्हाणं घालू लागला. पहिल्या वर्षी तो मध्येच अडकला, कपाळावरून घाम निथळायला लागला. काका गर्दीत मागे उभे होते. त्यांचे ओठ हलताना मी पाहिले, पण त्यांनी पुढचा शब्द त्याला पुरवला नाही. पुढे पुढे बापूला जमायला लागलं. त्याचं गाऱ्हाणं साधं असायचं, त्यात कलमं नसायची.

मग काही वर्षांनी बापूचा धाकटा भाऊ अचानक वारला. मागे तीन वर्षांचा मुलगा. आई बाळंतपणातच गेलेली. मुलाच्या वाट्याच्या बागेवर नाव चढवायला बापू त्याला कडेवर घेऊन तलाठ्याकडे गेला, आणि तिथून तसाच एसटीनं मालवणात आमच्या ऑफिसात आला. काकांशी तो इतक्या वर्षांत धड बोलला नव्हता. दारातच उभा राहून म्हणाला, "तलाठ्यान ह्या पोराच्या नावाफुडे अज्ञान लिवल्यान."

"मगे?" काका म्हणाले.

"माका वायट वाटूक नाय," बापू म्हणाला, आणि रडायला लागला. काकांनी उठून पोराला त्याच्या कडेवरून घेतलं.

त्या वर्षीच्या जत्रेला बापू नारळ घेऊन उभा राहिला आणि गाऱ्हाण्याला सुरुवातच करीना. सगळा गाव जमलेला. त्यानं मागे वळून मोठ्यानं हाक मारली, "दादा, फुडे ये. मान तुझो. आमी चुकलो." लोकांनी वाट करून दिली. मी काकांच्या शेजारी उभी होते. मला वाटलं, आता हा माणूस पुढे जाणार, आणि देवाकडून सगळी थकलेली बाकी कलमांसकट मागून घेणार.

काका पुढे गेले. बापूच्या हातातला नारळ त्यांनी घेतला, कपाळाला लावला आणि परत त्याच्याच हातात ठेवला.

"तूच घाल," म्हणाले. "इतकी वर्सां तो तुझो आवाज आयकता. पोराक सवय झाली काय मोडू नये रे. घाबारता."

भर जत्रेत, भर गावासमोर त्यांनी देवाला पोर म्हटलं. कुणालाही राग आला नाही.